येईपर्यंत तुझी

कोर्टाची वसाहत,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
धाकट्या भागवतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र तू डबीतच ठेवलं आहेस, हे दाजींनी वेगळ्या चिठ्ठीत कळवलं. त्यांच्यावर रागावू नकोस. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून मी पत्रं लिहितो. पण त्याचा अर्थ यंत्र लावायचंच नाही असा नाही.

इकडे सगळे बरे आहोत. संस्कृतीचं बारावीचं वर्ष आहे, त्यामुळे घरात बोलायचं ते हळू. दिवाळी झाली की हा तालुका रिकामा होतो. शिपाई पुकारा करतो आणि वकील उठून सांगतात की पक्षकार ऊसतोडीला गेला. तारखा द्यायच्या त्या चैत्रानंतरच्या.

सध्या एक दावा डोक्यातून जात नाही. नावं सांगत नाही, सांगायची नसतात. एका वस्तीवर एक विधवा बाई होती. मूलबाळ नव्हतं. शेजारचं जोडपं तोडीला जाताना आपली मुलगी तिच्याकडे ठेवून जायचं. त्या वस्तीची रीत अशी की लेकराला सांभाळणारीच्या ओटीत घालायचं आणि म्हणायचं, आम्ही येईपर्यंत तुझी. चैत्रात ती दोघं आली की बाई मुलीला न्हाऊ घालून परत आईच्या ओटीत द्यायची. तीन वर्षं असं झालं. चौथ्या वर्षी जातानाच ट्रॅक्टरची ट्रॉली घाटात उलटली आणि दोघंही गेली. मुलगी चार वर्षांची होती. ती त्या बाईकडेच वाढली, शिकली. बाई शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा हिनंच तिचं सगळं केलं. आता बाई नाही. बाईचा दीर म्हणतो, घर आणि दोन एकर रान माझं, ही मुलगी आमची कोण. मुलगी म्हणते, मी तिची लेक.

कायद्यात दत्तक म्हणजे नुसतं सांभाळणं नव्हे. आईबापांनी कायमचं म्हणून द्यायला हवं आणि घेणारीनं तसंच घ्यायला हवं. मुलीच्याच वकिलांनी तिला साक्षीत विचारलं की त्या दिवशी आईनं तुला कायमचं दिलं का. हो म्हणाली असती तर काम सोपं होतं. ती पिंजऱ्याच्या कठड्याकडे बघत राहिली. तीनदा विचारलं. मी टंकलेखकाला सांगितलं, लिहा, साक्षीदार गप्प आहे. समोरचे वकील म्हणाले की त्यांना उलट काही विचारायचं नाही.

तरी माझं मन तिच्या बाजूला जातं. कायद्यानं ही देण्याघेण्याची अट कशासाठी घातली? कोणी कोणाचं लेकरू बळकावू नये, आणि माणूस मेल्यावर भलतेच वारस उभे राहू नयेत, एवढ्यासाठी. इथे दोन्हींची भीती नाही. ज्या कारणासाठी अट आली ते कारणच नसेल तर शब्दाला किती धरून बसायचं? आणि सेवेच्या वेळी लेक, वाटणीच्या वेळी परकी, हे कायद्याच्या तोंडी शोभत नाही. कायदा माणसांनी माणसांसाठी केला आहे, त्याच्या दोन ओळींच्या मधे काहीतरी सरळपणा असतोच, तो शोधणं हे माझं काम, असं मी समजतो. निकालाची अकरा पानं लिहून झाली आहेत. थोडं राहिलं आहे.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून बसतो. अलीकडे काही मागायचं सुचत नाही. नुसता बसून उठतो.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
भागवत

---

नेकनूर,
दि. २४ नोव्हेंबर २०२४

चि. भागवत यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

जज झालास तरी अक्षर मुंगीचंच राहिलं. तुझे निकाल लोक कसे वाचतात देव जाणे. यंत्राचं म्हणशील तर ते लावलं की तुझे दाजी जे जे बोलतात ते सगळं ऐकू येतं. चाळीस वर्षांनी आता कुठं कानाला विसावा मिळाला आहे, तो मी का घालवू?

नावं सांगत नाहीस म्हणतोस. अरे बाबा, आपल्या जिल्ह्यात नाव न सांगता गोष्ट सांगता येते असं तुला कोणी शिकवलं? ही भिवराबाईची शिवकन्या. दीर म्हणजे राधाकिशन. नांदूरघाटाकडच्या त्या वस्तीवर मी नऊ वर्षं अंगणवाडी चालवली हे तू विसरलास. हा दावा तुझ्यापुढे आहे हे कळून मला लई बरं वाटलं. सकाळी देवाला साखर ठेवली.

भिवराबाई कसली बाई होती ते तुला कोर्टात कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. ट्रॉलीचा अपघात झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी रजिस्टर नवं करत होते. मुलाच्या आईचं नाव, असा रकाना असतो. मी भिवराबाईचं नाव घालायला लागले तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, अक्का, नाव तिच्या आईचंच लिवा. पोरगी माझी न्हाई, अमानत हाय. मी म्हटलं, आता मागायला कोण येणार आहे बाई. तर म्हणे, मागायला कोणी न्हाई म्हणून अमानत आपली होत नसती. तेव्हाच्या सरपंचांनीही, आता तेही नाहीत, तिला सांगून बघितलं होतं की दत्तकाचा कागद करून घे, पुढे पोरीला अडचण नको. ती नाहीच म्हणाली. मी राखणदार हाय, म्हणाली, राखणदारानं रान नावावर करायचं नसतं.

असली सरळ बाई मी दुसरी बघितली नाही. अशा बाईच्या घरातून तिच्या पोरीला कोणी बाहेर काढू शकेल का? लवकर निकाल लिही.

संस्कृतीला म्हणावं, डोळ्याला पाणी लावत जा. वहिनीनं गूळ-शेंगदाण्याचे लाडू मागितले होते, ते येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

म्हातारीची आठवण ठेवत जा.
तुझी,
अक्का

---

कोर्टाची वसाहत,
दि. २९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं.

चूक आधी माझी आहे. चालू दाव्याबद्दल घरी एक अक्षर बोलायचं नसतं, आणि मी तुला दोन पानं लिहिली. नाव वगळलं म्हणजे झालं असं मी समजत होतो.

तू जे कौतुक म्हणून लिहिलंस ते या दाव्यातलं सगळ्यात मोठं साक्षीपुराव्याचं वाक्य आहे. भिवराबाईनं मुलगी दत्तक घेतलीच नव्हती. घ्यायची नव्हती. तिनं स्वतःच्या तोंडानं नाही म्हटलं होतं. हे कोर्टापुढे आलेलं नाही. राधाकिशनला हे माहीत नाही, मुलीला माहीत आहे की नाही ठाऊक नाही. फक्त तुला माहीत आहे आणि आता मला.

अकरा पानांत मी लिहिलं होतं की घेणारीनं लेक म्हणून घेतलं याविषयी शंका नाही. ते वाक्य आता मला लिहिता येणार नाही. आणि तुझ्या पत्रावरून मुलीविरुद्ध जाताही येणार नाही, कारण जे भर कोर्टात दोन्ही बाजूंपुढे आलं नाही त्यावर मी निकाल देऊ शकत नाही.

मला वाईट वाटायला हवं. अजून तसं काही वाटत नाही. आज नेहमीप्रमाणे सतरा प्रकरणं झाली.

पुढे काय करायचं ते ठरवून कळवतो. या विषयावर कोणाशी बोलू नकोस.

तुझा,
भागवत

---

नेकनूर,
दि. ५ डिसेंबर २०२४

चि. भागवत यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मी पोरीचं भलं करायला गेले आणि तिच्याच पायावर धोंडा पाडला.

आता माझं ऐक. ते पत्र चुलीत घाल. मी काही लिहिलं नाही, तू काही वाचलं नाहीस. माझं वय बासष्ट, मला सगळं विसरायला होतं असं तुझे दाजीही सांगतील. तुझी अकरा पानं तशीच राहू देत.

तू म्हणशील, अक्का, हे बरोबर नाही. मग मला सांग, अंगणवाडीत खिचडी यादीप्रमाणे वाटायची असा नियम होता. तोडीवरून मधेच आलेल्या बायांची लेकरं यादीत नसायची. ती ताटली घेऊन बसली तर मी त्यांना कधी उठवलं नाही. कोणत्या साहेबानं मला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, यादी लेकरांसाठी हाय, लेकरं यादीसाठी न्हाईत. तूच तर लिहिलंस की दोन ओळींच्या मधे सरळपणा असतो. मग आता तो सरळपणा कुठं गेला? भिवराबाई खरं बोलली म्हणून तिच्या पोरीनं घर सोडायचं? ती जरा लबाड असती, कागद करून घेतला असता, तर आज पोरगी मालकीण झाली असती. लबाडाला घर आणि सरळ माणसाला रस्ता, हा कुठला न्याय?

तुझी झोप नीट राहावी म्हणून पोरीचं छप्पर जाणार असेल तर तो धर्म नव्हे, भागवत. तो नुसता सोवळेपणा.

रागानं लिहिलं आहे. आईच्या मागं तुला मी वाढवलं, तेवढा हक्क वापरला.

अक्का

---

कोर्टाची वसाहत,
दि. २२ डिसेंबर २०२४

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. तू विचारलेल्याचं उत्तर शोधत होतो.

मी तुझी पत्रं जाळली नाहीत. माझ्या पत्राच्या मजकुरासकट ती जिल्हा न्यायाधीश साहेबांपुढे ठेवली. त्यांनी मला समोर बसवून चहा दिला आणि मग विचारलं की इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर हे कसं झालं. मी म्हणालो, बहिणीला पत्र लिहायची सवय आहे. त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. दावा माझ्याकडून काढून दुसऱ्या कोर्टाकडे दिला आहे. पत्रांच्या नकला दोन्ही वकिलांना मिळाल्या. राधाकिशनचे वकील तुला साक्षीला बोलावतील. समन्स आलं की जा. विचारतील तेवढं सांग, जसं घडलं तसं सांग. मी यापेक्षा जास्त काही सांगू शकत नाही, आणि तूही मला विचारू नकोस.

खिचडीचं तू लिहिलंस ते मी पुष्कळ वेळा वाचलं. तुझं बरोबर आहे. नियमाच्या पोटात जे असतं त्यासाठी नियम वाकवावा लागतो, हे मी मानतो, अजूनही मानतो. पण तू खिचडी उघड्यावर वाढलीस. सगळ्या लेकरांदेखत, सगळ्या बायांदेखत. कोणी विचारलं असतं तर तुझ्याकडे उत्तर तयार होतं. मला झाकून वाढावी लागली असती. राधाकिशन कसाही असो, तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहतो तो एवढ्याच भरवशावर की त्याच्या पाठीमागे मला कोणी काही सांगत नाही. तो भरवसा मोडून मी शिवकन्येला घर दिलं असतं तर ते घर मी तिला चोरून दिलं असतं. भिवराबाईनं ते घेतलं नसतं असं मला वाटतं. पण हे मी माझ्या सोयीनं म्हणतो का, तेही कळत नाही.

अकरा पानं फाडून टाकली. मग हात धुऊन जेवायला बसलो. काय जेवलो विचारशील तर सांगता येणार नाही.

सोमवारी परळीला जाऊन आलो. रांगेत दीड तास उभा होतो. पिंडीपुढे पोचल्यावर मागचा माणूस म्हणाला, चला पुढं, आणि मी पुढे झालो.

सोवळेपणा म्हणालीस ते मनात आहे. त्याचा राग नाही.

तुझा,
भागवत

---

नेकनूर,
दि. २१ ऑगस्ट २०२५

चि. भागवत यास,
आशीर्वाद.

इतके महिने तुला लिहिलं नाही. दावा चालू होता आणि तू विचारू नकोस म्हणालास, म्हणून गप्प राहिले. आता निकाल लागून आठ दिवस झाले आहेत, तेव्हा लिहायला हरकत नसावी.

साक्षीला जाताना कानाचं यंत्र लावून गेले. नवीन जजबाई तरुण आहेत, आपल्या संस्कृतीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. राधाकिशनच्या वकिलांनी रजिस्टरचं विचारलं. मी जसं घडलं तसं सांगितलं. अमानत हा शब्द सांगितला, राखणदाराचं सांगितलं. शिवकन्या समोर बाकावर बसली होती. तिच्याकडे बघायचं मी टाळत होते. शेवटी जजबाईंनी मला एकच विचारलं, की भिवराबाईनं ही राखण कधी संपवली. मी म्हटलं, संपवली नाही साहेब, ती मेली. त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल राधाकिशनच्या बाजूनं लागला. निकालाची झेरॉक्स सोबत पाठवते, ती मला शिवकन्येनंच आणून दिली. होय, ती इथे आली होती. एसटीनं आली. मला वाटलं, भांडायला आली. मी मनाची तयारी केली होती, म्हटलं, बोलू दे काय बोलायचं ते. तर तिनं पायाला हात लावला आणि चहा घेतला. घर झाडून, भांडी घासून पालथी घालून, किल्ली राधाकिशनच्या बायकोच्या हातात देऊन आली आहे. बीडला एका शिवणकामाच्या कारखान्यात काम लागलं आहे, मैत्रिणीबरोबर खोली घेतली आहे. मी म्हटलं, इथे राहा, खोली रिकामी आहे. ती म्हणाली, नको अक्का, दुसऱ्याच्या घरात राहून झालंय आता. टाकून बोलली नाही, साधं बोलली. तुझे दाजी उठून बाहेर गेले.

जजबाईंनी निकाल वाचला तेव्हा ती उभी होती म्हणे. बाकी तिला काही समजलं नाही. आईनं मुलगी कायमची दिली असं सिद्ध होत नाही, एवढी एकच ओळ ऐकू आली. मग ती मला म्हणाली की लहानपणापासून वस्तीवरच्या बाया तिला म्हणायच्या, तुझ्या आईनं तुला देऊन टाकलं. आता कोर्टानंच सांगितलं, न्हाई दिलं.

वकील म्हणतात की तीस दिवसांत वर अपील करता येतं. पण तिथेही तेच म्हणावं लागेल की आईनं कायमचं दिलं होतं. ती म्हणते, ते मला म्हणायचं न्हाई. मी लई समजावलं. आईला काय, ती वरून बघते, तिला राग येणार नाही, तू छप्पर बघ. ती ऐकत नाही.

म्हणून तुला विचारते. तू निकाल वाच. त्यात कुठे चूक असेल, कोणता दुसरा रस्ता असेल, तर मला कळव. मी तिला पुन्हा सांगते. तुझं नाव घेणार नाही. अजून बावीस दिवस आहेत.

तुला सोवळा म्हटलं ते मागे घेते की नाही, ते अजून ठरलं नाही.

अक्का

---

कोर्टाची वसाहत,
दि. १३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला मुद्दाम उशीर केला. अपिलाची मुदत काल संपली. कोर्ट बंद झालं तेव्हा घड्याळाकडे बघितलं, घरी आलो, आज लिहायला बसलो. ज्या दाव्यातून मला बाजूला केलं त्यातल्या एका बाजूला मी सल्ला देऊ शकत नव्हतो. तू रागावशील हे धरून चाललो आहे.

निकाल मात्र वाचला. मी लिहिला असता त्यापेक्षा चांगला लिहिला आहे. आणि माझ्या मनात जो समज होता की मुलीच्या बाजूनं लिहिला तर दयेचा आणि विरुद्ध लिहिला तर कोरडा, तो खोटा ठरला. बाईंनी राधाकिशनची बाजू घेतलेली नाही. त्या लिहितात, दर दिवाळीला या जिल्ह्यातल्या हजारो आया आपलं लेकरू कोणाच्या तरी ओटीत घालून जातात. ते परत मिळेल या विश्वासावर जातात. सांभाळायला दिलेलं लेकरू बरीच वर्षं सांभाळलं म्हणून सांभाळणाऱ्याचं होतं, असं या कोर्टानं म्हटलं तर उद्या कोणती आई निर्धास्तपणे ट्रॉलीत चढेल? भिवराबाईंना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी रजिस्टरात नाव लावू दिलं नाही. त्यांच्या सरळपणाचा मान राखायचा तर त्यांचा शब्द खराच धरावा लागेल, मग तो प्रतिवादीला कितीही महाग पडो. शेवटी लिहिलं आहे की हे लिहिताना कोर्टाला समाधान वाटत नाही. निकालात असं वाक्य सहसा कोणी लिहीत नाही.

तू विचारलंस, लबाडाला घर आणि सरळ माणसाला रस्ता हा कुठला न्याय. या निकालात त्याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. तोच कायदा, तीच ओटी, तीच बाई. मी त्यातून सरळपणा शोधत एकीकडे निघालो होतो, त्या तोच शोधत दुसरीकडे पोचल्या.

माझ्यावर लेखी ताशेरा आला आहे. बढती दोन वर्षं पुढे गेली. संस्कृतीला लातूरला प्रवेश मिळाला, तिला सोडून आलो.

दुसरा रस्ता आहे का विचारलंस. तुझं पत्र आल्यापासून रोज जेवण झाल्यावर तो निकाल काढून वाचत होतो, चूक शोधत. सापडली नाही. सापडली असती तर मुदतीच्या आत तुला कळवली असती का, असं मी स्वतःला बरेचदा विचारलं. काल संध्याकाळी दिव्यापुढे बसूनही विचारलं. उत्तर आलं नाही. आता आलं तरी उपयोग नाही.

शिवकन्या पुन्हा आली तर तिला जेवू घाल. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

जमेल तेवढी माया ठेव.
तुझा,
भागवत